बाहेरून येणारा बाण

माझ्या विहिणीला, मलकाला, मी इस्पितळाच्या जिन्यात चारचौघांसमोर सांगितलं की आजपासून माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. नातू तेव्हा अठरा दिवसांचा होता आणि दुसऱ्यांदा इस्पितळात पडला होता. सांगताना मला जराही वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? उलट बरं वाटलं. मी मूळचीच फटकळ. भायखळ्याच्या एका ड्रॉइंग ऑफिसात पंधरा वर्षं ट्रेसर होते, म्हणजे साहेबांची ड्रॉइंगं साफ उतरवून काढायचे, साहेबाची रेघ चुकली तर साहेबाला तोंडावर सांगायची.

ही गोष्ट सत्याहत्तर सालची. आम्ही इस्रायलमध्ये, रामल्याला, शिकुनमध्ये राहायचो, म्हणजे सरकारने बांधलेल्या त्या एकसारख्या इमारतींत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मी, मुलगा शमशोन आणि सून निली. शमशोन बारा वर्षांचा असताना आम्ही मुंबईहून आलो, त्यामुळे मी मराठीत बोलायचे आणि तो हिब्रूत उत्तर द्यायचा. निली इथेच जन्मलेली. तिचे आईवडील आमच्यासारखेच ज्यू, पण कुर्दिस्तानातले, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे.

लग्न ठरलं तेव्हाच मलकाने एक गोष्ट कानावर घातली होती. त्यांच्या घराण्यात रक्ताचं एक दुखणं आहे. तांबड्या पेशींत एक एन्झाइम कमी पडतं. बायकांना त्याचा सहसा त्रास नाही, पण मुलगा झाला तर त्याच्यात ते उतरू शकतं. अशा मुलाने पोलच्या शेंगा खाल्ल्या, म्हणजे आपल्या वालासारख्याच पण अंगठ्याएवढ्या दाण्याच्या, तर त्याच्या पेशी फुटायला लागतात. पोर पिवळं पडतं, आणि वेळेवर रक्त चढवलं नाही तर हातचं जातं. बाळ अंगावर पीत असेल आणि आईने त्या शेंगा खाल्ल्या तरी तेच. निलीच्या भावाला हे दुखणं होतं. एका मुलाला मी पोलपासून सांभाळून मोठा केलाय, असं मलका अभिमानाने सांगायची.

आता गंमत बघा, ते एन्झाइम माझ्या रोजच्या ओळखीचं होतं.

मी रेहोवोतला एका संशोधन संस्थेत नकाशे काढायला होते. रस्त्यांचे नव्हेत, पेशींचे. तिथे डॉक्टर यित्झहाक नावाचे एक किडकिडीत, विसरभोळे गृहस्थ होते. औषधं देणारे डॉक्टर नव्हेत, गणितवाले. तांबड्या पेशीत साखर शिरल्यापासून तिचं पुढे काय काय होतं, हे सगळं त्यांना कॉम्प्युटरला शिकवायचं होतं. त्यासाठी आधी चित्र लागायचं. एकेका पदार्थाला एक गोल, या पदार्थाचा तो पदार्थ होतो म्हणून मध्ये एक बाण, आणि ते काम किती वेगाने होतं त्याचा आकडा बाणावर. एकतीस गोल, चव्वेचाळीस बाण. चित्र मी काढायचे, आणि प्रत्येक बाणाचं भोकं पाडलेलं कार्डही मीच करायला लागले होते, कारण माझ्याइतकं ते चित्र कुणाला पाठ नव्हतं. कार्डांचा गठ्ठा मशीनला घातला की मशीन बराच वेळ घ्यायचं, आणि मग प्लॉटरचं पेन कागदावर रेघ काढायचं: पेशी किती टिकल्या, किती फुटल्या. निलीच्या घराण्यातलं ते एन्झाइम म्हणजे आमचा सतरा नंबरचा बाण. त्याचं खरं नाव हातभर लांब होतं, आम्ही सतरा नंबरच म्हणायचो.

म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

पेसाखचा सण संपला आणि नातू झाला. रक्त तपासलं तर सतरा नंबर कमी निघाला, जवळजवळ नाहीच. पण आम्ही काही हाय खाल्ली नाही. निलीने दिवस राहिल्यापासून पोल तोंडात घातले नव्हते, आणि मी मुलाच्या नावाने एलियाहू हन्नबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, मलिदा बोलले होते. आठव्या दिवशी, रविवारी, सुंता झाली आणि मेईर नाव ठेवलं. त्या दुपारी मी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि गोधडी काढली. माझ्या आईच्या लुगड्यांची, रेवदंड्याला शिवलेली. तिच्यात मी वाढले, शमशोन वाढला. आमच्यात बाळाला नवंकोरं घालत नाहीत, घरच्यांच्या अंगाला लागून मऊ झालेलं घालतात. गोधडीला आणि सगळ्या खोलीला मी ऊद, शेपा आणि ओवा घालून धुरी दिली, आई द्यायची तशी, पण जरा जास्तच. मलका खोकत खिडकी उघडायला उठली. मी तिला हटकलं, बाळाला वारा लागेल म्हणाले. ती बिचारी परत बसली. तिने घरून कुब्बे करून आणले होते, रव्याचे खिम्याचे गोळे, रश्श्यात सोडलेले. निलीने ते पोटभर खाल्ले.

मंगळवारी संध्याकाळी मेईरचे डोळे पिवळे दिसले. लंगोट उघडला तर लघवी कोऱ्या चहासारखी. टॅक्सी करून इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रात्र व्हायच्या आत रक्त चढवलं. मग निलीला, शमशोनला आणि मलकाला आत बोलावून शंभर प्रश्न विचारले: पोल खाल्ले का, कुठलं औषध दिलं का, घरात अमुक आहे का, तमुक आहे का. मी आत गेले नाही. मलकाच्या शेजारी बसायची माझी इच्छा नव्हती. मनात मी निकाल लावून टाकला होता की कुब्ब्यांत घोळ झालाय. सणाचे पोल उरले असतील, वाटणात गेले असतील, लक्षात राहिलं नसेल. त्या रात्रीपासून मी निलीच्या कानाशी हेच लावून धरलं. आधी ती चिडायची. मग ती नुसती ऐकायला लागली.

सोमवारी बाळ घरी आलं. मी परत ट्रंकेतून गोधडी काढली, परत धुरी दिली, पाळणा सजवला. मंगळवारी मलकाने सूप पाठवलं. बुधवारी बाळ पुन्हा पिवळं.

जिन्यातलं भांडण त्या बुधवारचं. मलकाने शपथा घेतल्या नाहीत की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली की मी एक मुलगा या दुखण्यात वाढवलाय, मला तू शिकवू नकोस. मी म्हणाले, वाढवलास तेव्हा तरुण होतीस, आता तुला विसरायला होतं. मग मी ते घराबद्दलचं वाक्य बोलले. आणि त्याहून वाईट घडलं ते पुढे. निली वरच्या पायरीवर उभी होती, दूध भरून ब्लाउज ओला झालेला, डोळे सुजलेले. ती आईला म्हणाली, "इम्मा, खरं सांग, सूपात काय होतं?"

मलकाने तिच्याकडे पाहिलं आणि जिना उतरून निघून गेली. त्यानंतर मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सून माझ्या बाजूने झाली म्हणून मला आनंद झाला होता. हे लिहिताना माझं मलाच किळसवाणं वाटतं, पण झाला होता.

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. एके दुपारी शमशोन स्वयंपाकघरात स्टुलावर बसला आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्याने मला सांगितलं. कदाचित याचं दुखणं साधं नाही. काही मुलांत पेशी बाहेरच्या कारणाशिवाय, आपोआप फुटत राहतात. तसं असेल तर जन्मभर रक्त चढवत राहायचं, जन्म असेल तेवढा. आणि तिसऱ्यांदा असं झालं तर कावीळ मेंदूत उतरणार नाही याची त्या हमी देणार नव्हत्या. इतर वेळी त्याचं भरभर हिब्रू माझ्या डोक्यावरून जायचं. त्या दिवशी एकेक शब्द कळला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर यित्झहाकांच्या टेबलावर एक कागद ठेवला. शमशोनकरवी मेईरच्या रक्ताचे सगळे आकडे तासावार उतरवून आणले होते. आपल्या चित्रात हे घालून बघा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि साफ नाही म्हणाले. चित्राने मूल बरं होत नाही, मिली, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बरं करायला सांगतंय कोण? पेशी आपोआप फुटताहेत की कुणी फोडतंय, एवढंच मला कळू दे. त्यांनी कागद उचलला. मग कॉम्प्युटरवाल्यांकडे जाऊन त्यांनी पुढच्या शुक्रवारी सकाळचे चार तास मागून आणले.

त्याच शुक्रवारी दुपारी बाळाला घरी सोडणार होते. सकाळी उठून मी पाळणा झाडला, गोधडी काढून अंथरली, धुरी दिली, आणि सातची बस पकडून रेहोवोतला गेले.

सतरा नंबरचं कार्ड मी नव्याने पाडलं: वेग शंभराऐवजी पाच. गठ्ठा मशीनमध्ये गेला. पेन हललं तेव्हा मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते. रेघ जराशी खाली आली आणि मग सपाट झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, टेबलासारखी सपाट. सतरा नंबर एवढा अशक्त असूनही पेशी नीट जगत होत्या. मेईरच्या आकड्यांचे ठिपके मी ट्रेसिंग पेपरवर काढून आणले होते, तो कागद वर ठेवला. दोन ठिकाणी ठिपके उताराला लागल्यासारखे घसरले होते.

म्हणजे आपोआप नाही, यित्झहाक म्हणाले. बाहेरून काहीतरी येतंय. मला एवढं हलकं वाटलं की मी हसलेच. म्हटलं, पोल, मला माहीतच होतं. त्यांनी मान हलवली आणि मला पेशीच्या हद्दीबाहेर एक नवा गोल आणि आत येणारा एक बाण काढायला लावला. पंचेचाळिसावं कार्ड. आईने एकदा जेवणात खाल्लेल्या गोष्टीसारखे आकडे त्यात भरले. या खेपेला रेघ झपकन खाली गेली, पण मग तिचा जोर ओसरत गेला, कारण पोटात गेलेली वस्तू संपत जाते. ठिपक्यांशी ती काही जुळेना. मेईरचे ठिपके दोन्ही वेळा इस्पितळातल्या पहिल्या काही तासांत सरळ रेषेत, एकाच उताराने घसरत होते आणि मग थांबत होते.

"हे खाल्लेलं नाही, मिली," ते म्हणाले. "हे संपत नाही. हे बाळाला सतत लागून आहे, दिवसरात्र, आणि इस्पितळात नाही."

कधी सुरू झालं असेल, असं त्यांनी विचारलं. ते काम माझं होतं. मी पट्टी घेतली आणि दोन्ही उतार मागे वाढवत वरच्या सपाट रेषेला नेऊन भिडवले. पहिला भिडला रविवारी दुपारी दोनला. दुसरा सोमवारी एकच्या सुमारास. त्या दोन्ही वेळा घरी काय चाललं होतं ते मला पक्कं आठवत होतं. दोन्ही वेळा मी बाळाला पाळण्यात ठेवत होते.

यित्झहाक एक पुस्तक उघडून सतरा नंबरवर ताण टाकणाऱ्या गोष्टींची यादी वाचत होते. पोल. हिवतापाचं एक औषध. सल्फाच्या गोळ्या. नॅफ्थलीन.

माझी ट्रंक डांबराच्या गोळ्यांनी भरलेली असते. रेवदंड्याला आई कडुनिंबाचा पाला घालायची. इथे कडुनिंब कुठून आणायचा? म्हणून मी रामल्याच्या बाजारातून नॅफ्थलीनच्या पांढऱ्या गोळ्या आणून ओंजळीने टाकायचे, कसर लागून आईची आठवण जाऊ नये म्हणून. गोधडीचे थर तो वास पिऊन बसले होते. बाळाला उग्र लागेल म्हणून तर मी दुप्पट धुरी देत होते. उदाच्या वासाखाली तो वास निलीला कळला नाही, मलकाला कळला नाही, कुणालाच कळला नाही. इस्पितळात नेताना दोन्ही वेळा गोधडी मी घरीच ठेवली, घडी करून परत ट्रंकेत. डॉक्टरीणबाईंनी घरात नॅफ्थलीन आहे का हेही विचारलं होतं, निली नाही म्हणाली होती. माझ्या पलंगाखाली काय आहे ते तिला काय ठाऊक? ज्याला ठाऊक होतं ते माणूस बाहेर रुसून बसलं होतं.

घड्याळात सव्वाबारा झाले होते. यित्झहाकांनी इस्पितळाला फोन लावला. बाळाला घेऊन मंडळी दहा मिनिटांपूर्वी निघाली. आमच्या जिन्यात कुणाकडे फोन नव्हता, कोपऱ्यावरचा किराणावाला शुक्रवारी बारालाच बंद करायचा. यित्झहाकांकडे एक सायकल, तीही पंक्चर. फोन असलेलं आणि दोन मिनिटांत माझ्या दारात पोचू शकणारं एकच घर होतं. मलकाचा नवरा लोदच्या विमानतळावर कामाला, म्हणून त्यांना फोन मिळाला होता.

माझ्या हातून नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"मलका, मी मिली."

तिने फोन ठेवायच्या आत मी बोलत सुटले.

"ठेवू नकोस. माझ्या घरी जा. पाळण्यात गोधडी आहे, ती बाहेर फेक. बाळाला तिच्यावर ठेवू देऊ नकोस."

"तुझ्या घरी?" ती म्हणाली. "मी?"

"पोल नव्हते. तुझं काही नव्हतं. गोधडीत नॅफ्थलीन आहे. दोन्ही वेळा मीच केलं, मलका. मीच."

फोन बंद झाला. तिने ठेवला की लाइन तुटली, ती निघाली की तशीच बसली, मला काहीच कळलं नाही. मी परत लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

शुक्रवारी दुपारनंतर बसचा काय भरवसा. मी स्टॉपवर पंचवीस मिनिटं उभी होते. शब्बाथचा चल्ला पाव आणि फुलं घेऊन लोक येत होते, हसत होते, आणि मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्याशाप देत होते. बसमध्ये जागा होती तरी बसले नाही. मला भीती वाटत होती, नुसती भीती, दुसरं काही नाही. मलका आली नसेल तर मूल तासभर त्या गोधडीत असेल. आणि ती का येईल? तिच्या जागी मी असते तर आले असते का? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मला आवडलं नाही.

जिना चढून गेले तर दार सताड उघडं. घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या. पाळणा रिकामा, त्याच्या दोऱ्यासुद्धा सोडलेल्या. मग स्वयंपाकघरात मलका दिसली. खुर्चीवर बसली होती, पायात काही नाही, तळवे धुळीने काळे, आणि मांडीवर मेईर, तिच्या नवऱ्याच्या स्वच्छ बनियनमध्ये गुंडाळलेला, झोपलेला. शमशोन गोधडी फेकायला खाली गेला होता. निली भिंतीला टेकून उभी होती.

मलकाने तिला एवढंच सांगितलं होतं की फोन आला, गोधडी बाळाला चालत नाही. कुणाचा फोन, ते सांगितलं नव्हतं. निलीने मला विचारलं, इस्पितळाला आत्ता कसं कळलं? मलका माझ्याकडे बघत होती. तिने मला ढकललं नाही आणि सावरलंही नाही. मी त्या क्षणी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती, इस्पितळाच्या नावावर खपून गेली असती.

"फोन मी केला," मी म्हणाले. "तुझ्या आईने कशातच काही घातलं नव्हतं. ते माझ्या हातून झालं."

मग सगळं सांगितलं, ट्रंक, गोळ्या, धुरी, तो रविवार, तो सोमवार. निली ओरडेल, मला काही फेकून मारेल असं मला वाटत होतं, आणि तिने तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे आलीच नाही. आईपाशी जाऊन जमिनीवर बसली आणि बाळाच्या पायांशी तिने डोकं टेकलं.

"इम्मा," ती म्हणाली, "मी तुला विचारलं. सूपात काय होतं म्हणून मी तुला विचारलं."

मलकाने मोकळा हात तिच्या केसांवर ठेवला. "विचारायलाच हवं होतं," ती म्हणाली. "तू त्याची आई आहेस."

शब्बाथ सुरू व्हायच्या आत ती लेकीला आणि नातवाला आपल्या घरी घेऊन गेली. मी अडवलं नाही. मेईर पुन्हा पिवळा पडला नाही. रविवारी रक्त तपासलं, मग दर आठवड्याला, आणि आकडा हळूहळू वर चढत गेला. पण ते घरी परतले नाहीत, पुढचे तीन महिने तिकडेच राहिले.

कामावरून आले की मी आंघोळ करायची, उन्हात वाळलेले कपडे घालायची, आणि दोन गल्ल्या चालत मलकाच्या दाराशी जाऊन उभी राहायची. ती दार उघडायची, जवळ येऊन माझ्या खांद्याचा आणि पदराचा वास घ्यायची, आणि मग बाजूला व्हायची. ती वास घेत असताना मी हलायचे नाही, बोलायचे नाही. तिने आत ये म्हटलं की मी आत जायचे.